चार बोटं बर्फ

५ जानेवारी, सोमवार

उपग्रहाला पाणी हे पाणी म्हणून कसं कळतं? आज जेवताना बाबांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

म्हणजे पुस्तकातलं उत्तर दिलं. उपग्रह वरून लहर सोडतो, ती खाली आपटून परत येते, आणि किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. गोठलेल्या समुद्रावर पडलेली लहर विस्कटून परत येते. बर्फाच्या भेगेत शांत पाणी असलं तर तीच लहर आरशातून आल्यासारखी लख्ख येते. लख्ख ते पाणी, विस्कटलेलं ते बर्फ. दोघांच्या उंचीतला फरक म्हणजे बर्फ पाण्याच्या किती वर आहे ते, आणि वर जेवढा दिसतो त्याच्या नऊ-दहा पट एकूण जाडी. त्यामुळे उंचीत एका सेंटिमीटरची चूक झाली की जाडीत दहाची होते. माझी नोकरी ती चूक कमी करण्याची.

बाबांनी घास थांबवून सगळं ऐकलं. "म्हणजे चमकतं ते पाणी."

"हो."

"दादाच्या ट्रकची काचपण चमकते."

"बाबा, पदवीधराला जेवू द्या," दादा म्हणाला. "काच पुसायला मी आहे."

आई हसली, मीही हसले. पण बाबा उत्तराची वाट बघत राहिले. सव्वीस हिवाळे ते बंदरापासून बेटापर्यंतच्या बर्फावरच्या रस्त्याला भोकं पाडत आलेत. बावीस किलोमीटरचा रस्ता. ड्रिलनं भोक पाडायचं, पाणी वर येऊन थांबलं की काठापासून पाण्यापर्यंत बोटं लावून बघायची. चार बोटं कोरडी असली की भरलेला ट्रक जातो. तीन असली तर रिकामा. मग टेप टाकून जाडी मोजायची आणि वहीत लिहायची, पण बाबांना टेपच्या आधीच ठाऊक असतं.

मी सातशे किलोमीटरवरून तीच चार बोटं मोजते. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लांबून बोटं लावतेस, बाळ. जपून लाव."

९ जानेवारी, शुक्रवार

बाईंनी (आमच्या विभागप्रमुख, सगळे त्यांना बाईच म्हणतात) आज गेल्या हिवाळ्याचा नकाशा माझ्यापुढे ठेवला. त्यात रस्त्याच्या कडेचा बर्फ चाळीस सेंटिमीटर दाखवलाय. प्रत्यक्षात मीटरभर होता. त्या नकाशामुळे रस्ता नऊ दिवस बंद राहिला. बेटावरच्या दवाखान्यातला प्राणवायू संपत आला, आणि शेवटी विमानानं सिलिंडर टाकावे लागले. दवाखान्यातले दोन पेशंट तोवर वाचले नाहीत. बाई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, नकाशाकडे बघत होत्या.

"तेव्हापासून बंदरात आपल्या नकाशावर चहाचे कप ठेवतात," त्या म्हणाल्या. "पुन्हा लांडगा आला म्हणायची माझ्यात हिंमत नाही. चूक शोध."

माझ्या शेजारी काटकोन बसतो. खुर्चीत इतका ताठ बसतो की हे नाव त्याला का दिलं हे विचारायची गरज नाही. तो म्हणाला, "आठ वर्षांत आम्हाला नाही सापडली. तू जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांग."

१४ जानेवारी, बुधवार

सापडली.

इतकी साधी की लाज वाटली. ज्या ज्या ठिकाणी संगणकानं 'पाणी' धरलं होतं ते ठिपके मी एकावर एक ठेवले. खरी भेग वेडीवाकडी जाते. हे ठिपके सरळ रेषेत होते. समुद्र सरळ रेषेत फाटत नाही. तो रस्ता होता.

रस्तेवाले रोज हिम खरवडून बाजूला करतात, वर पाणी शिंपडून गोठवतात. त्यामुळे रस्ता आरशासारखा गुळगुळीत. लहर त्याच्यावरून लख्ख परत येते आणि संगणक म्हणतो, हे बघा पाणी. रस्त्यालाच समुद्राची पातळी धरली तर शेजारचा बर्फ ठेंगणा दिसणारच. बाबांचा काचेचा विनोद मी नऊ दिवस डोक्यात घेऊन हिंडत होते आणि उत्तर त्यातच होतं.

उपाय: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीनशे-तीनशे मीटरची एक पट्टी आखायची. पट्टीतलं जे जे लख्ख, ते रस्ता समजून सोडून द्यायचं. पाण्याची पातळी लांबच्या खऱ्या भेगांवरून घ्यायची.

एक अडचण राहिली. नकाशा अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनांचा असतो. लख्ख ठिपके काढल्यावर रस्त्यावरचे सात चौकोन रिकामे पडले. आणि बंदराचा नियम असा की रस्त्यावर एक जरी चौकोन रिकामा असला तरी फाटक उघडत नाही. म्हणून रिकाम्या चौकोनात आजूबाजूच्या चौकोनांची सरासरी भरायची, असं मी लिहिलं.

काटकोन माझ्या खांद्यावरून वाचत होता. "म्हणजे घरात कोणी दिसलं नाही तर शेजाऱ्यांना विचारून त्याचं वय लिहायचं."

"शेजारी खोटं कशाला सांगतील?"

"मी कुठे काय म्हटलं," तो म्हणाला.

२० जानेवारी, मंगळवार

बाबांच्या वहीशी ताडून पाहिलं. माझा नकाशा ८९, वही ९१. माझा ९४, वही ९३. वही हातात धरून मी आकडे मोठ्यानं वाचत होते आणि बाबा दाराशी बूट काढत थांबले होते, शाळेत मुलीचा निकाल ऐकायला आल्यासारखे.

सातपैकी सहा चौकोन जुळले. सातवा अकराव्या किलोमीटरचा, वळणावरचा. त्या आठवड्यात वहीत त्याचं मोजमाप नाही. वाऱ्यामुळे बाबा दहाव्यावरूनच परतले होते. सहा जुळले म्हणजे सातवाही जुळणार. अहवालात 'सर्व चौकोन जुळतात' असं लिहिलं.

एक बारीक गोष्ट, केवळ माझ्यासाठी नोंदवून ठेवते. अकराव्याचा प्रतिध्वनी, म्हणजे परत आलेली लहर, इतर सगळ्या रस्त्यापेक्षा दुप्पट लख्ख आहे. काटकोन म्हणाला, "वळण आहे ना. गाड्या घसरून घसरून पॉलिश झालं असेल." पटण्यासारखं आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

नकाशा मंजूर झाला. बाई स्वतः बंदरात जाऊन आल्या. त्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "आज कोणी त्याच्यावर कप ठेवला नाही." त्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. रोज सकाळी नऊला नकाशा बंदरात, फाटकावर आणि ट्रकवाल्यांच्या फोनवर जाणार. पाठवायचं काम माझं, पासवर्ड माझ्याकडे. मंजुरीच्या रकान्यात बाईंचं नाव.

"पट्टी तुझी, सही माझी," त्या म्हणाल्या. "सांभाळ."

घरी आले तर आईनं दारातच सांगितलं. नकाशा बरोबर येतोय म्हटल्यावर रोज भोकं पाडायची गरज उरली नाही. आता पंधरा दिवसांतून एकदा, फक्त पाच ठिकाणी. पाचव्या, आठव्या, चौदाव्या, सतराव्या आणि विसाव्या किलोमीटरला. बाबांना फाटकावर बसवलंय. येणारे-जाणारे ट्रक लिहायचे आणि दांडा वर-खाली करायचा.

मी बाबांकडे बघितलं. बाबाच म्हणाले, "तोंड पाडू नकोस. गुडघे दुखायचे माझे. आता शेगडी आहे, खुर्ची आहे."

"आणि मालकीण घरात आहे," दादा म्हणाला. "बापाला बढती, तीसुद्धा पोरीच्या हातून. असं नशीब कोणाचं?"

बाबांनी ड्रिल पुसून तेल लावून पलंगाखाली ठेवलं. दरवर्षी ते एप्रिलमध्ये ठेवतात.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पलंगाखाली ड्रिल नव्हतं. बाबा दुपारी परतले, मिशांवर बर्फ. अकराव्यापर्यंत कुणाच्या तरी गाडीतून गेले होते.

"दोनच बोटं," चहा घेताना म्हणाले.

मी समजावून सांगितलं. यंदा हिम जास्त पडलंय. वरच्या वजनानं बर्फ खाली दबतो, म्हणून काठ पाण्याजवळ येतो. बर्फ तेवढाच जाड असतो. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं.

"जाडी किती निघाली?" मी विचारलं.

"टेप टाकला नाही. खाली ओढ होती. टेप तिरका जात होता." मग थोड्या वेळानं, "तिथून प्रवाह जवळनं जातो. आम्ही त्या वळणावर एक दिवसाआड भोक पाडायचो."

"बाबा, नकाशात तिथे शहाण्णव आहे."

त्यांनी मान हलवली. माझ्या शिक्षणापुढे ते अशी मान हलवतात, आणि मला ते कधीच आवडत नाही. पण शहाण्णव म्हणजे शहाण्णव.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दादा आज म्हणाला, अकराव्याला रस्त्याला घाम येतो. चाकांना ओलं लागतं आणि पुढे गेल्यावर त्याचा बर्फ होऊन मडगार्डला चिकटतो. उतरून काठीनं झोडावं लागतं.

"रस्तेवाल्यांनी पाणी शिंपडलं असेल."

"दुपारी तीनला कोण शिंपडतं, पदवीधर?"

"मग उन्हानं."

"ऊन," दादा म्हणाला. खिडकीबाहेर सगळं राखेच्या रंगाचं होतं. "असेल. तुमच्याकडे वरून दिसत असेल."

१० फेब्रुवारी, मंगळवार

बंदर अधिकाऱ्यांनी ट्रकच्या वजनाची मर्यादा अठरा टनांवरून चोवीसवर नेली. पत्रात माझ्या नकाशाचा उल्लेख आहे. बाईंनी ते पत्र फलकावर लावलं. आईनं त्याचा फोटो मागवून घेतला आणि आत्याला पाठवला. आत्याचा प्रश्न आला, "म्हणजे ही बर्फाची इंजिनिअर झाली का?" आईनं उत्तर दिलं, "त्याच्याही वरची."

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस हिमवादळ. रस्ता बंद, खरवडायची यंत्रंसुद्धा बाहेर पडत नाहीत. ऑफिसला जाता येत नाही. दादा घरात पिंजऱ्यातल्यासारखा फेऱ्या मारतोय. बेटावरून रोज फोन येतात. दवाखान्यात सिलिंडर शुक्रवारपर्यंत पुरतील. वादळ थांबलं की पहिला ट्रक दादाचा, सिलिंडर भरूनच उभा आहे.

बाबा खिडकीशी बसून असतात. मी विचारलं काय बघताय. "काही नाही. सगळं सारखं दिसतंय. अशा वेळी कळत नाही काही."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वादळ पहाटे थांबलं. सकाळी साडेअकराला उपग्रहाची फेरी रस्त्यावरून गेली. यंत्रं अजून निघाली नव्हती, रस्ता गुडघाभर हिमाखाली होता.

मला आनंद झाला होता, हे लिहायलाच हवं. माझी पट्टी तपासायला याहून चांगला दिवस मिळाला नसता. रस्ता झाकला गेलाय म्हणजे आज तो चमकणार नाही. पट्टी काढून टाकली तरी चालेल, सातही चौकोनांत आज खरे आकडे येतील, आणि ते माझ्या भरलेल्या आकड्यांशी जुळतील.

पट्टी काढली. सहा चौकोनांत विस्कटलेले प्रतिध्वनी, जसे बर्फावरून यावेत तसे. ८८, ९१, ९०, ९३, ८७, ९२. एकेक आकडा येत होता तशी मी काटकोनाला मोठ्यानं सांगत होते.

अकराव्या किलोमीटरचा चौकोन लख्ख.

मी पुन्हा चालवून बघितलं. मग तिसऱ्यांदा. मग मागे गेले. दीड महिन्याच्या सगळ्या फेऱ्या, पट्टी न लावता. ५ जानेवारीला तिथला लख्ख ठिपका रस्त्याएवढा. २० तारखेला दुप्पट. १ फेब्रुवारीला रस्त्याच्या बाहेर ऐंशी मीटर. १० तारखेला दीडशे. आज दोनशे दहा. माझ्या पट्टीची मर्यादा तीनशे आहे. तो वाढत होता आणि दर वेळी माझी पट्टी त्याला पुसत होती, आणि पुसलेल्या जागी मी शेजाऱ्यांना विचारून शहाण्णव लिहीत होते.

तिथे कधीच कोणी शहाण्णव मोजलेलं नाही. हे वाक्य मी आज दिवसभर मनात लिहितेय.

काटकोन पडद्याकडे बघत राहिला. त्यानं विनोद केला नाही. "बाईंकडे जा," एवढंच म्हणाला.

बाईंनी शांतपणे ऐकलं. "एक फेरी," त्या म्हणाल्या.

"पाच फेऱ्या, बाई. वाढत चाललंय."

"आधीच्या चार तू स्वतः रस्ता म्हणून बाद केल्यास. अहवाल तुझा आहे. उरली आजची. वळणावर वाऱ्यानं हिम उडवून रस्ता उघडा पडला असेल, तरी असंच दिसेल. असेल की नाही?"

"असेल," मला म्हणावं लागलं.

"उद्या साडेनऊला अकरा ट्रक निघतायत. गेल्या वर्षी आपण बंद केला तेव्हा खाली बर्फ होता, मीटरभर. ती दोन माणसं माझ्या सहीनं गेली." त्यांनी चष्मा काढला. "सोमवारची फेरी येऊ दे. सोमवारी बैठक लावते. तोपर्यंत मंजूर आहे तोच नकाशा जाईल."

त्या निर्दय नाहीत. त्या घाबरल्यात, आणि मला ज्याची भीती वाटते त्याच्या बरोब्बर उलट गोष्टीला.

घरी आल्यावर बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "अकराव्याच्या वळणावर वारा हिम उडवून नेतो का हो?"

"तिथे?" बाबा म्हणाले. "छे. खडकामुळे वारा अडतो तिथे. सगळ्या रस्त्यावर जास्त हिम कुठे साचत असेल तर तिथेच. आमचा एक माणूस छातीपर्यंत रुतला होता." मग माझ्याकडे बघून, "का?"

"सहजच."

दादा बुटांना मेण लावत होता. शीळ घालत होता. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तुला खात्री आहे का, आणि मला नाही म्हणावं लागलं असतं, आणि सिलिंडर घेऊन तो गेलाच असता. मी त्याला ओळखते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दहाला वीस मिनिटं आहेत. टेबलाशी बसून हे लिहितेय, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही.

सकाळी आठला ऑफिसात आले. बाई यायच्या होत्या. पट्टी काढून नकाशा नव्यानं तयार केला. त्रेचाळीस चौकोनांत आकडे होते. अकराव्यात काय लिहावं यावर बराच वेळ गेला. शून्य लिहिणं खोटं झालं असतं, तिथे किती बर्फ आहे हे मला माहीत नाही. शहाण्णव तर खोटं होतंच. 'धोका' असा शब्द टाकायला रकाना नाही.

आठ बावन्नला फाटकावर फोन केला. मागे ट्रकांची इंजिनं ऐकू येत होती.

"बाबा, दांडा खाली पाडा."

"पडलेलाच आहे, नऊला उघडतो." मग आवाज बदलला. "कोणी सांगितलं?"

"मी."

"बाई?"

"बाईंना माहीत नाही."

"पाणी ओळखलं का गं?"

"नाही ओळखता येत, बाबा. बर्फ आहे असंही म्हणता येत नाही."

"बरं," ते म्हणाले. "एवढं पुरे."

नऊला पाच कमी असताना नकाशा पाठवला.

नऊला दादाचा फोन आला. शिवी दिली नाही, म्हणजे फार चिडला होता. "समोर रस्ता स्वच्छ दिसतोय. मागे दहा गाड्या हॉर्न वाजवतायत. तिकडे आज संध्याकाळपर्यंतचाच साठा आहे. तुला खात्री आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग थांब."

त्यानं इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "बाबा ड्रिल घेऊन निघालेत. खुर्चीमागे ठेवलं होतं म्हाताऱ्यानं, इतके दिवस. एकटे जाऊ देतो होय. कमरेला दोर बांधून मागनं चाललोय. अकरा किलोमीटर, पायी. तुझ्या नावानं." आणि फोन ठेवला.

हे मी धरलंच नव्हतं. ट्रक थांबवले की माणसं थांबतील असं समजले होते. दोन्ही फोन आता लागत नाहीत. त्या दिवशी बाबांचा टेप तिथे तिरका जात होता.

विमानाची मागणी केली आहे. बंदर अधिकारी म्हणाले, हवा अजून तशी नाही, दुपारी बघू.

काचेपलीकडे बाई फोन कानाला लावून उभ्या आहेत. बोलत नाहीत, नुसतं ऐकतायत आणि माझ्याकडे बघतायत. समोर नकाशा उघडा आहे. काटकोन येऊन शेजारच्या खुर्चीत बसला. पहिल्यांदाच वाकून बसलाय.

नकाशात मंजुरीच्या रकान्यात बाईंचं नाव असतं, तिथे मी माझं लिहिलं आहे. अकराव्या किलोमीटरचा चौकोन मी भरला नाही. तो रिकामा आहे, आणि तसाच गेला आहे.